ताई, त्या गार वाडग्यासाठी

ताई,

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यापुढे बोलायला गेले की घसा दाटून येतो.

दोन वर्षं माझ्या भांड्यांवर काही टिकत नव्हतं. तांबड्या मातीवर पांढरी स्लिप, म्हणजे पातळ मातीचा लेप, चढवायची, स्ग्राफिटोने, म्हणजे तो लेप खरवडून खालची माती दिसेल अशी, पानं कोरायची आणि भट्टी उघडली की खपली निघावी तसे पापुद्रे हातात यायचे. काही भांडी तर आतच फुटायची. जिथे शिकत होते तिथे विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुझा हातच जड आहे." कुणी म्हणे माती बदल, कुणी म्हणे भट्टी. फुटका तुकडा हातात घेऊन मात्र एकानेही पाहिला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी तुकडाच मागितलात. उजेडात धरून नखाने पापुद्रा उचललात. "स्लिप लावलीस तेव्हा भांडं पार वाळलं होतं ना?" होतं. ते आकसायचं तेवढं आकसून बसलं होतं. वरची ओली स्लिप मग एकटीच आकसली आणि सुटली. नख उमटेल पण भांडं वाकणार नाही, इतकी माती घट्ट असताना स्लिप लावायची, म्हणजे दोन्ही बरोबरीने आकसतात. कोरायचं तेही स्लिपची ओली चमक गेल्यावर. घाई केली तर रेघेच्या कडेला चिखल गोळा होतो, उशीर केला तर कपच्या उडतात.

हे पुस्तकातही सापडलं असतं. पण नंतर तुम्ही फळीवरचा माझा वाडगा उचलून स्वतःच्या गालाला लावलात, क्षणभर थांबलात आणि काही न बोलता माझ्या गालाला टेकवलात. गार होता! मला तर तो खडखडीत वाळलेला वाटत होता. "गार लागतोय म्हणजे आत पाणी आहे. आज भाजू नकोस." त्याच पाण्याची 100 अंशांपाशी वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती भांडं फोडते. म्हणजे इतके दिवस मी सगळं उलटं करत होते. स्लिप लावायला माती कोरडी, भाजायला ओली.

तुमच्या गालावर मातीचा तांबडा डाग राहिला होता. तो तसाच ठेवून तुम्ही माझी बाकीची भांडी बघत बसलात. ना मी तुमची शिष्य, ना नात्यातली. आपल्याला कळलेलं असं मोकळ्या हाताने देऊन टाकणारी माणसं भेटली की बरं वाटतं, ताई. खूप बरं वाटतं.

काल सहा भांडी भट्टीतून निघाली. एकही फुटलं नाही. कोरलेल्या पानांवरून कितीदा तरी बोट फिरवलं, कुठेच पापुद्रा लागला नाही. त्यातला एक वाडगा तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. त्याला झिलई पारदर्शकच देणार आहे, रेघा दिसायला हव्यात.