वहीतली अठ्ठेचाळिसावी ओळ

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. आकडे आले की दोनदा वाच, नाहीतर ते चष्मा शोधायला उठतील.

बाबा, आधी कबुली देऊन टाकते. मागच्या महिन्यात मी भर उपासनेत चुकीचा आकडा सांगितला. खजिनदाराच्या पोरीने!

आमच्या तरुण संघाने पश्चिम केनियातल्या एका प्राथमिक शाळेसाठी पैसे उभे करायचं मनावर घेतलंय, हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. शाळेला पावसाचं पाणी साठवायला टाकी हवी आहे आणि मुलींच्या संडासांना दारं. त्यासाठी मुलांनी पायी फेरी काढली, २० किलोमीटरची. कोण दर किलोमीटरमागे किती देणार, ते आधी घरोघरी फिरून कागदावर लिहून आणलं. शेवटचे ४ किलोमीटर धो धो पावसात गेले. संघातला सगळ्यात धाकटा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, एका पायावर उभा राहून बुटातलं पाणी ओतत मला म्हणाला, "ताई, आता थांबायचं नाही हं. आजोबांनी शेवटच्या किलोमीटरला दुप्पट कबूल केलेत."

त्या भरात मी कागदांवरच्या आकड्यांची बेरीज केली आणि रविवारी जाहीर करून मोकळी झाले, ठरलेल्या रकमेच्या ९२ टक्के जमले म्हणून. टाळ्या पडल्या. प्रत्यक्षात हातात आले ६१ टक्के. पोरं एवढं चालतील असं काहींना वाटलंच नव्हतं, म्हणून आकडा घालताना हात सैल सोडला होता. काही जण आता मला पाहिलं की घाईत असतात.

पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहिले आणि चूक सांगितली. कान तापले होते. लहानपणी उपासना सुटली की सगळी मुलं घरी पळायची आणि आम्ही पायरीवर ताटकळत बसायचो, कारण आत तुम्ही आणि दुसरे एक पंच दानार्पणाची थैली समोरासमोर मोजत असायचात. एकट्याने कधी मोजली नाहीत. तेव्हा तुमचा फार राग यायचा. तुमचं ठरलेलं वाक्य होतं, "वहीत चढतं ते हातात आलेलं. तोंडातलं नाही." ते मी आता संघाच्या हिशेबाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. पाळकसाहेबांनी तर मुलांना बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून दाखवला. यरुशलेमातल्या गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम न्यायला पौलाचा सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू असतो, का, तर एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये. पौलालाही साक्षीदार लागत होता, मग आपण कोण!

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, तिथलं सरकार काय करतं? प्रश्न रास्त आहे. केनियात २००३ साली सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ झाली आणि दहा लाखांहून जास्त मुलं नव्याने शाळेत आली. या शाळेतही वर्ग भरले, पण टाकी तेवढीच राहिली, आणि तीही आता गळते.

खरं तर टाकी आम्हाला सुचलीच नव्हती. पहिल्या सभेत जुने कपडे आणि जुनी पुस्तकं पाठवायचं ठरत होतं. कपड्यांचा विषय लगेच मिटला. परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांना तिथे मितुंबा म्हणतात आणि त्यांचा बाजार केवढा तरी मोठा आहे. आपल्या कपाटातली अडगळ तिथे कोणी वाट पाहत बसलेलं नाही. पुस्तकांवर मात्र मीच अडून बसले होते. तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने मला गप्प केलं. १९९० च्या दशकात पश्चिम केनियातच अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना पाठ्यपुस्तकं दिली, काहींना दिली नाहीत, आणि मग परीक्षेचे गुण ताडून पाहिले. सरासरीत फरक नाही! जे आधीपासून पुढे होते त्यांचेच गुण वाढले. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा, आधी घरची बोली, मग स्वाहिली, मग इंग्रजी. (याच क्रेमर यांना २०१९ चं नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्याबरोबर मिळालं.) ती म्हणाली, "ताई, आपण विचारूया ना त्यांनाच."

मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर आलं. सोबत एका वहीच्या पानांचे फोटो. निळ्या शाईत, पट्टीने आखलेले रकाने. टाकीसाठी पालकांनी काय दिलं त्याची यादी. कुणी रोख, कुणी बैलगाडीभर वाळू, कुणी दोन कोंबड्या, कुणी तीन दिवस खोदकाम. एका आजीच्या नावापुढे नुसतं 'पाणी भरलं'. अशा ४७ ओळी.

याला तिथे हरंबी म्हणतात. सगळे मिळून ओढू या, अशा अर्थाची हाक आहे ती, ओझं उचलताना द्यायची. १९६३ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा केनियाचे पहिले पंतप्रधान जोमो केन्याटा यांनी ती देशाची घोषणा केली आणि राजमुद्रेवरही तोच शब्द आहे. सरकारची वाट न पाहता गावांनी अशा वर्गण्या काढून माध्यमिक शाळा उभ्या केल्या, त्यांना हरंबी शाळाच म्हणत. म्हणजे दोर ते केव्हाचे ओढताहेत. आम्ही आपले समजत होतो की कामाला सुरुवात आमच्यापासून होणार आहे.

त्या पानांनी आमचं एक भांडणही सोडवलं. पोस्टरवर रडक्या चेहऱ्याच्या एखाद्या मुलाचा फोटो लावला की पैसे जास्त येतात, असं दोघातिघांचं म्हणणं होतं. वर्गण्यांच्या कामात मुरलेल्या एका काकांनीही तेच सांगितलं. खोटं नाही, येत असतीलही. पण आई, तू मला कधी कुणाकडे रडका चेहरा करून मागायला पाठवलं नाहीस. आता पोस्टरवर वाळूची बैलगाडी आहे, आमच्यातल्याच एकीने काढलेली. बैल जरा गाढवासारखे झालेत.

आई, तुझ्यासाठीही एक गोष्ट आहे. फी माफ झाल्यावर, २००४ मध्ये, एल्डोरेट गावात किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पहिलीत जाऊन बसले. शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी आणि लांब मोजे घालून! त्यांना बायबल स्वतः वाचायचं होतं. पहिलीत जाणारा जगातला सर्वांत वयस्कर माणूस म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद आहे. आणि तू मोबाईलवर मराठी टाइप करायचं म्हटलं की "आता या वयात" म्हणतेस. पुढच्या सुट्टीत मी शिकवणार आहे, पळवाट काढू नकोस. मोजे मी आणते.

उरलेल्या ३९ टक्क्यांसाठी आता मुलांनी डबा ठेवलाय, दर रविवारी ज्याला जमेल तेवढं. मोजायला दोघं असतात, मी नसते. माझा आकड्यांवरचा अधिकार तूर्त काढून घेतलाय. बाबा, महिन्याअखेरीचा हिशेब तुमच्याकडे पाठवते, लाल पेन काढून ठेवा.

मुख्याध्यापिकाबाईंनी परवा त्या वहीचं नवं पान पाठवलं. अठ्ठेचाळिसाव्या ओळीत आमच्या तरुण संघाचं नाव घातलंय, कोंबड्या देणाऱ्या गृहस्थांच्या खाली. रकमेचा रकाना मात्र कोरा आहे. पैसे हातात आले की भरेन, असं त्यांनी लिहिलंय.

तुमची लेक