दूधपेढीच्या कागदावर सही कर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास आणि इथे पाहुणे बसले होते, म्हणून लिहिते आहे. दूधपेढीच्या, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध बाळाला द्यायच्या, संमतिपत्रावर सही केलीस का? नसेल केली तर आधी ती करून ये, पत्र मग वाच.

एकतिसाव्या आठवड्यात आलेलं, दीड किलोसुद्धा न भरलेलं लेकरू. त्याची आतडी फार कोवळी आहेत. अशा बाळाला पावडरचं दूध दिलं तर आतड्यांना सूज येऊन ती निकामी होण्याचा धोका वाढतो. नवजात कक्षातल्या नोकरीत मी ती फुगून चकाकणारी पोटं पाहिली आहेत. म्हणून पहिला मान आईच्या दुधाचा, ते कमी पडेल तेवढे दिवस पेढीचं, आणि पावडर अगदीच इलाज नसेल तेव्हा.

आत्या ‘परक्या बाईचं दूध’ म्हणाल्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पूर्वी आपल्याकडे जाऊ जावेच्या लेकराला पाजायचीच, त्यांनाही ते आठवेल. पेढीत तर त्याहून कितीतरी पारख होते. देणाऱ्या आईचं रक्त एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिससाठी तपासतात. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून झटकन थंड करतात, त्यात जंतू वाढतात का ते प्रयोगशाळेत पाहतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. हे काही कालपरवाचं नाही. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली.

तुझ्या मित्राची बायको स्वतःचं दूध डब्यातून पाठवते म्हणाली, तिचं मन मोठं आहे. पण तपासणी न झालेलं दूध आपल्या बाळाला नको. तिला पेढीत द्यायला सांग, चार बाळांना मिळेल. आणि कुणी दुधाचे पैसे सांगू लागलं तर सरळ नाही म्हण. आईचं दूध विकायला परवानगी नाही, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये ते पुन्हा बजावलं आहे.

देणाऱ्या बायका कोण असतात, हेही तुला ठाऊक असावं. बहुतेक त्याच वॉर्डातल्या, स्वतःचं बाळ पिऊन उरतं अशा. एकदा मात्र एक आई आली, तिचं बाळ आदल्या रात्री गेलं होतं. छाती दगडासारखी झालेली, ब्लाउज भिजलेला. ते दूध ओतून द्यायचं तिच्या जिवावर येत होतं. तिनेच विचारलं, कुणाला चालेल का? मी तिच्याजवळ बसून राहिले. वाटी भरली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. पेढीची बाटली तुमच्या बाळाच्या नळीत जाते तेव्हा ती कुण्या अशा माउलीची असू शकते. तिला परकी म्हणवत नाही रे.

आता सूनबाईचं. ती रडते आहे की माझंच दूध नाही. तिला नीट सांग. सिझेरियन आणि त्यात दिवस न भरलेलं बाळंतपण, अशा वेळी दूध उतरायला उशीर होतो. आत्ता येतो तो चीक, चमचाभरच असतो आणि एवढ्याशा पोटाला आज तेवढा मोलाचा आहे. पेढीच्या दुधातले काही रोगप्रतिकारक घटक तापवताना जातात, तिच्या चिकात ते सगळे असतात. म्हणून निघेल तो थेंबही बाळाकडे पोचवा.

हाताने काढायचं तर अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. आधी थेंबही दिसत नाही, धीर धरला की पान्हा फुटतो. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी काढायला हवं, आणि रात्रीची वेळ चुकवू नका. छाती रिकामी होते तसं दूध वाढतं. अळिवाची खीर मी आणते, तिने अंगात ताकद येईल, पण दुधाचं काम हे काढण्यानेच होतं.

यात तुझं काम खूप आहे. पंपाचे भाग तू धू आणि उकळ. बाटलीवर तारीख-वेळ तू लिही. रात्री गजर तू लाव आणि तिच्याआधी तू ऊठ. ‘किती निघालं?’ असं कुणीही विचारू नये, तूसुद्धा नाही. भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबव. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बाळाला उघड्या छातीशी घ्यायला तूही बस, कांगारूसारखं. ते काम बापालाही जमतं. बाळ जवळ असलं की तिचं दूधही वाढेल. दुखलं, गाठ आली, ताप आला तर लगेच सिस्टरला सांगा, स्तनपानाच्या सल्लागार बाई असतील तर त्यांना बोलवा. घरगुती लेप लावत बसू नका.

बाबांचे टाके रविवारी निघतील, सोमवारच्या सकाळच्या एसटीने निघते. स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, त्या वेळी तू तिच्याजवळ थांब. मी रिक्षाने येईन.

तुझी,
आई