झोपेच्या गोळीआधी व्हिडिओ कॉल

संपादक साहेब, हॉस्टेलच्या पोरांना झोप येत नाही म्हटलं की घरचे लगेच मोबाईलला शिव्या घालतात, पण नुसता मोबाईल काढून घेऊन जुना निद्रानाश जात नाही हो. त्यासाठी सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची थेरपी आहे, अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की गोळ्यांच्या आधी हीच द्या, आणि ती व्हिडिओ कॉलवरपण होते. झोपेची डायरी लिहायची, उठायची वेळ रोज एकच, झोप नाही आली तर पलंग सोडायचा, पलंगावर अभ्यास बंद (हॉस्टेलमध्ये हेच अवघड, खुर्चीवर कपड्यांचा ढीग असतो). सुरुवातीला उलट जास्त पेंगायला होतं आणि तिथंच पोरं सोडून देतात, म्हणून दर आठवड्याला विचारणारं कुणीतरी पाहिजे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ फोन लाईन आहेच, पण असा नेमाने फॉलोअप घेणारे ऑनलाईन समुपदेशक विद्यापीठांनीच द्यावेत, तेही परीक्षेच्या तोंडावर नाही, सत्र सुरू होतानाच.

– एक पालक, सातारा