नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

जळगावच्या एरंडोल-पारोळा पट्ट्यात गाड्या धडकल्या की शेतातलं काम टाकून धावणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. १०८ ला फोन तर तुम्ही करताच, पण खरं मोल त्यापुढच्या कामाचं. गाड्या हलवण्याआधी तुम्ही नंबर प्लेट, टायरच्या खुणा आणि दोन्ही गाड्या एकत्र दिसतील असे फोटो काढता. समोरच्याचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा संपलेला आहे का, ते बहुधा तिथंच कळतं. "थोडे पैसे घ्या न् मिटवा" ही समोरच्याची घाईही मग उलगडते! 'आपसात मिटलं' अशा कागदावर सही करू न देणाऱ्या काकांचे तर दुप्पट आभार, कारण तो कागद पुढे दाव्याच्या आड येतो.

विमा नसला तरी भरपाई चालक-मालकाकडून मागता येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज मात्र ६ महिन्यांत हवा. स्वतःच्या गाडीचा खर्च आपल्या पॉलिसीत 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) असेल तर मिळतो, नुसत्या थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्यावर) नाही. आणि विमा कंपनीच्या सर्वेअरने पाहण्याआधी गॅरेजवाल्याने पत्रा उघडला की वाद ठरलेलाच.

मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती कायद्याने नाही. तरीही पोलिसांकडे स्वतःहून जबाब देणाऱ्यांचे आभार वेगळे.