जादा तेलाने ब्लॉक-किट वाचत नाही

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवरचा लेख वाचला. व्हेस्पा-लॅम्ब्रेटांविषयी एवढे आत्मीयतेने लिहिलेले हल्ली क्वचितच छापून येते, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र मोठा ब्लॉक (पिस्टनसकट किटमध्ये मिळणारा मोठ्या मापाचा सिलिंडर) बसवण्याविषयीच्या परिच्छेदातले एक वाक्य घातक आहे: ‘सुरुवातीला पेट्रोलमध्ये तेल सढळ हाताने टाकावे, म्हणजे पिस्टन सुरक्षित राहतो.’ गॅरेजांमधून हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. नव्या ब्लॉकमध्ये पिस्टन तापून जाम होण्याच्या कारणांमध्ये तोही एक आहे.

हिशेब करून पाहावा. कार्बोरेटरमधल्या जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळीच्या) भोकातून जे जाते ते पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण. लिटरला २० मिली तेल घातले, म्हणजे दोन टक्के, तर त्या मिश्रणात पेट्रोल ९८ टक्के असते. लिटरला ५० मिली घातले की ते ९५ टक्क्यांवर येते. भोक तेवढेच राहिले आणि पेट्रोल तीन टक्के घटले. ११० चा जेट काढून १०८ चा (आकडा लहान म्हणजे भोक लहान) बसवल्यासारखेच हे झाले. त्यात घट्ट मिश्रण भोकातून सरकतेही हळू. म्हणजे जास्त तेल घालणाऱ्याने नकळत हवा-पेट्रोलचे मिश्रण हलके केले, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, आणि हलके मिश्रण तापते. शिवाय न जळलेल्या तेलाचा कोळसा पिस्टनवरच्या रिंगच्या खाचेत आणि एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या खिडकीच्या) काठावर साचतो तो वेगळाच. चांगले टू-स्ट्रोक तेल दोन टक्के पुरते. सुरुवातीचे काही दिवस तीन टक्के ठेवायचे असेल तर खुशाल ठेवावे, पण जेटही त्याच वेळी एक पायरी वर न्यावा. तेलपंप असलेल्या गाड्यांत पंपाची मात्रा मूळ ब्लॉकसाठी ठरवलेली असते. तिथे टाकीत एक टक्का वरून घालतात, तेव्हाही जेटचा हाच नियम.

लेखात ‘१७७ सीसीचे किट’ असा उल्लेख आहे, पण ते येतात कुठून हे सांगितलेले नाही. व्हेस्पा पीएक्स १५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७.८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५७ मिमी, म्हणजे साधारण १४९.६ सीसी. १२५ चा स्ट्रोक तोच, बोअर ५२.५. बजाज चेतकचे जुने इंजिन ५७ बाय ५७ चे, म्हणजे १४५ सीसी. क्रँक तोच, म्हणजे स्ट्रोकही तोच, ठेवून ६३ मिमीचा पिस्टन घातला की १७७ होतात. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ १५० च्या तुलनेत १९ टक्के वाढले, १२५ च्या तुलनेत ४४ टक्के. प्रत्येक स्फोटात तेवढी उष्णता जास्त, आणि तिला वाट मात्र त्याच पंख्याच्या हवेतून काढायची. किटचे सारे गणित इथे आहे. ताकद मिळते हे खरे, पण उष्णता कुठे जाणार हे आधी ठरवावे लागते.

बिडाचा ब्लॉक आणि आतून निकासिल या कठीण मुलाम्याचा थर दिलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक यांतला फरकही उष्णतेचाच. ॲल्युमिनियम उष्णता भराभर बाहेर टाकते आणि पिस्टनच्या जोडीने फुगते, म्हणून त्यात पिस्टन आणि भिंत यांमधली फट ०.०५-०.०६ मिमी चालते. बीड पिस्टनपेक्षा कमी फुगते, म्हणून ६३ मिमीच्या बिडाच्या ब्लॉकला निदान ०.०८ ते ०.१० मिमी हवी. ‘घट्ट बसतोय, म्हणजे माल चांगला’ ही समजूत इथे महागात पडते. बिडाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की: जाम झाला तर पुढच्या ओव्हरसाइजला (किंचित मोठ्या पिस्टनला) बोअर करता येतो. निकासिलला बोअरिंग नाही, थर खरवडला गेला की नवा ब्लॉक किंवा थर पुन्हा चढवणे एवढेच उरते. नव्याने हात घालणाऱ्याने बिडापासून सुरुवात करावी असे आमचे मत आहे. थोडा जड, थोडा गरम, पण चूक पोटात घालणारा.

पेटीतून काढलेला ब्लॉक तसाच बसवू नये. पोर्टांच्या कडांना ओतकामाची धार असते. बोटाच्या पेराने चाचपले तरी कळते. बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने ती जेमतेम अर्धा मिलिमीटर गोलसर करावी, नाहीतर रिंग तिथेच अडकून तुटते. मग रिंग पिस्टनने ढकलून ब्लॉकमध्ये सरळ बसवावी आणि तिच्या तोंडाची फट फिलर गेजने पाहावी. ६३ मिमीला ०.२५ मिमीच्या आसपास योग्य. ०.२० पेक्षा कमी असेल तर तापल्यावर दोन्ही टोके एकमेकांना भिडतात. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर ठेवणारी कडी) दरवेळी नवी आणि तिचे तोंड वर किंवा खाली. कडेला ठेवू नये.

आता त्या मापाविषयी, जे फार थोडे लोक घेतात. पिस्टन सर्वांत वर असताना त्याची कड आणि हेडची (ब्लॉकवरच्या झाकणाची) कड यांमध्ये जी फट राहते तिला स्क्विश म्हणतात. ती मोजायला दोन मिलिमीटर जाडीची सोल्डरिंगची तार पुरते. पिस्टनच्या माथ्यावर गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, ग्रीसने चिकटवून, दोन्ही टोके ब्लॉकच्या भिंतीला टेकतील अशी ती ठेवावी. पिनच्या रेषेतच का, तर त्या दिशेला पिस्टन डुलत नाही. आडवी ठेवली तर माप खोटे येते. हेड पॅकिंगसकट बसवून नट पूर्ण कसावेत, मॅग्नेट (फ्लायव्हील) हाताने फिरवून पिस्टन एकदाच वरून पलीकडे न्यावा, हेड काढून चेपलेली टोके व्हर्नियरने मोजावीत. १.२ ते १.५ मिमी आले तर उत्तम. एकच्या खाली आले तर धोका: जोरात फिरताना कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, बेअरिंगची सैल जागा भर घालते आणि पिस्टन हेडला शिवतो. दोनच्या वर गेले तर दुखणे वेगळे. कडेचे मिश्रण ना मध्ये ढकलले जाते ना थंड राहते. ते ठिणगीची ज्वाला पोचण्याआधी आपोआप पेटते आणि नॉकिंग सुरू होते. म्हणजे जादा फट सुरक्षित हाही भ्रमच.

फट दुरुस्त करताना बुडाचे पॅकिंग जाड-बारीक करण्याचा मोह होतो. ब्लॉक अर्धा मिलिमीटर उचलला की पोर्टही तेवढे वर जातात आणि ट्रान्सफर पोर्ट (ताजे मिश्रण आत आणणारे) उघडे राहण्याचा काळ अडीच-तीन अंशांनी वाढतो. ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते, चढावर स्कूटर सुस्त वाटते. पोर्ट जागेवर ठेवून फक्त फट बदलायची असेल तर लेथवर हेड उतरवून घ्यावे. जुने हेड नव्या ब्लॉकवर ठेवणे हा तर निव्वळ आळस आहे. ५७.८ साठी घडवलेली वाटी ६३ च्या बोअरवर नीट बसत नाही, आणि तिची आत आलेली कड निखाऱ्यासारखी लाल होते.

टायमिंगबद्दल, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी याबद्दल, लेखात एक शब्दही नाही. पीएक्सच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे टायमिंग फेऱ्यांबरोबर मागे सरकत नाही, जिथे लावले तिथेच राहते. मॅग्नेटमागच्या स्टेटर प्लेटवर ‘ए’ आणि ‘आयटी’ अशा दोन खुणा असतात. ‘आयटी’ म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या साधारण १८ अंश आधी, ‘ए’ त्याहूनही आधी. मोठा ब्लॉक बसवल्यावर ‘आयटी’वर यावे आणि नुसत्या खुणेवर विसंबू नये. पिस्टन अडवून खरा टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) शोधावा आणि स्ट्रोब दिव्याने तपासावे. दिवा नसेल तर डायल गेजने: ५७ मिमी स्ट्रोकच्या आणि १०५ मिमी रॉडच्या इंजिनात १८ अंश म्हणजे पिस्टन वरून सुमारे १.७५ मिमी खाली. चार-पाच अंश आणखी आधीचे टायमिंग हाताला छान चपळ वाटते. पिस्टनच्या माथ्याला भोक पडते तेव्हा त्या चपळाईचा हिशेब होतो.

प्लगही एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्यावा. इथे एक घोटाळा नेहमी होतो: एनजीके प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड (७ पेक्षा ८ थंड), बॉशमध्ये उलटे, आकडा कमी झाला की थंड. आट्यांची लांबीही नव्या हेडला जुळते का ते पाहावे.

खालचे इंजिन जुने असेल तर त्यावर नवा ब्लॉक चढवणे म्हणजे गळक्या घरावर माडी बांधणे. मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील कडक झाले की तिथून हवा ओढली जाते आणि कितीही मोठा जेट घातला तरी मिश्रण हलकेच राहते. लक्षण सोपे आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फेऱ्या लगेच उतरत नाहीत, इंजिन काही क्षण ओरडत राहते. खात्री हवी असेल तर कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून प्लगच्या भोकातून ०.४ बारच्या आसपास हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावावे. काटा काही मिनिटे हलता कामा नये. क्लचकडचे सील गळत असेल तर बुडबुडे दिसत नाहीत, हवा गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून निघते. तिथेही बोट लावून पाहावे. व्हेस्पाच्या मोठ्या इंजिनात क्रँकचे पातेच झडपेचे काम करते. केसिंगमधल्या त्या गुळगुळीत पट्टीवर खोल ओरखडे असतील तर किटचे पैसे आधी तिथे खर्च करावेत.

हेडचे नट फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, एम ७ स्टडला १६ ते १८ न्यूटन मीटर. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा.

जेटिंगचा नियम एकच: वरून खाली यायचे, खालून वर कधीच नाही. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, पण पेट्रोल जाते ते क्षेत्रफळातून. म्हणून १०० वरून ११० ही वाढ दहा नव्हे तर २१ टक्क्यांची. मूळ २०/२० कार्बोरेटरवर १७७ चे किट लावले तर ११५ पासून सुरू करावे. पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिन भरभर, अडखळत, चार-स्ट्रोकसारखे वाजले पाहिजे. मग एकेक पायरी उतरत जावे आणि आवाज स्वच्छ झाला की थांबावे. पुढची पायरी घेऊन बघू, म्हणू नये. मुक्काम बहुधा १०५ ते ११० च्या आसपास होतो, पण खरा आकडा सायलेन्सर आणि एअर फिल्टर ठरवतात. सायलेन्सर बदलला तर हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. एकाच वेगाने लांब जाताना मात्र काम आयडल जेटचे (कमी ॲक्सिलरेटरवर पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचे) असते, आणि पुष्कळ ब्लॉक पाव ॲक्सिलरेटरवर जाम होतात ते तो लहान राहिल्यामुळे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असेल तर मिश्रण आपसूक आणखी हलके होते, हेही धरून चालावे. प्लगचा रंग पाहायचा तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबावे. आयडलवर घरापर्यंत आणलेल्या प्लगचा रंग काहीच सांगत नाही.

आणि जाम झालाच तर पिस्टन फेकण्याआधी तो वाचावा. चारही कोपऱ्यांना सारखे ओरखडे असतील तर फट कमी होती किंवा थंड इंजिन एकदम पिळले. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण हलके होते. माथ्याची कड वाळूने खरवडल्यासारखी दिसली तर नॉकिंग, म्हणजे टायमिंग किंवा स्क्विश. हे न पाहता नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेने जातो. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून गिअरमध्ये लांबवर उतरणेही टाळावे. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद.

उरलेले थोडक्यात. मूळ क्लच जोर लावल्यावर घसरू लागतो, स्प्रिंगा दमदार घालाव्यात. गिअरबॉक्समध्ये साधे एसएई ३० तेल, सुमारे २५० मिली. घर्षण कमी करणारी मोटारीची तेले क्लच घसरवतात. २०/६८ दात्यांचे प्रायमरी (इंजिनकडून गिअरबॉक्सकडे जोर नेणारी दातेचाकांची जोडी) असेल तर २० च्या जागी २२ दात्यांचे बसवल्याने गुणोत्तर ३.४० वरून ३.०९ होते आणि नव्या ताकदीला जागा मिळते. नाहीतर इंजिन नुसतेच किंचाळते. ब्रेक लायनर आणि केबल्या ब्लॉकच्या आधी.

पुढच्या पुरवणीत जागा कमी असेल तर बाकीचे सोडून द्यावे, पण तेलाच्या त्या वाक्याची दुरुस्ती चौकटीत छापावी: लिटरला २० मिली, आणि तेल वाढवले तर जेटही वाढवा.

– आपला एक वाचक