काकू, तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काकू,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच भाज्यांच्या भावावर येता. म्हणून आज चारचौघांत लिहितेय.

3 फेब्रुवारी 2020, सोमवार, संध्याकाळचे सात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स गावातलं शाळेचं कॅफेटेरिया. मला नागरिकत्व मिळून वर्षही झालं नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस, म्हणजे नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार निवडायची स्थानिक सभा, हे गुप्त मतदान नाही, हे वाचून माहीत होतं. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं म्हटल्यावर पाय जड झाले. साताऱ्याहून आलेली आई बघ्यांच्या खुर्च्यांवर बसली होती. तिने हळूच विचारलं, "हाणामारी कधी सुरू होते गं?" तिचंही बरोबरच. आमच्या गावात ग्रामपंचायतीला विरुद्ध पॅनेलमध्ये उभे राहिलेले दोन सख्खे चुलतभाऊ अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत.

तुम्ही इच्छुक उमेदवार एलिझाबेथ वॉरनबाईंच्या गटाच्या कॅप्टन, मी दुसरा इच्छुक अँड्र्यू यांगच्या कोपऱ्यात. हजेरी 187. पंधरा टक्के म्हणजे 28.05, अपूर्णांक वरच धरायचा, म्हणजे गट टिकायला 29 माणसं हवीत. आम्ही भरलो 27. तेवढ्यात तुम्ही पलीकडून आलात आणि मराठीत म्हणालात, "अगं, तो खांबाजवळचा मुलगा मोजला का? सतरा वर्षांचा असला तरी नोव्हेंबरपर्यंत अठराचा होत असेल तर चालतो." पुन्हा मोजलं. 28. एकाने गेलो!

प्रतिस्पर्धी गटाच्या कॅप्टनला हे सांगायची काय गरज होती? आम्ही टिकलो नाही तर आमची माणसं फोडायला तुम्हालाच मोकळं रान होतं. दुसऱ्या फेरीत तुमच्या गटातला एक उत्साही पोरगा आमच्यावर ओरडायला लागला, तर त्याचा दंड धरून तुम्ही म्हणालात, "आधी त्यांना पाणी पिऊ दे. नोव्हेंबरात यांच्याचबरोबर दारोदार फिरायचंय तुला." (हे इंग्रजीत म्हणालात, पण सूर अस्सल नागपुरी होता.)

आणि एवढं करूनही मी पसंतीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला, जिथे दुसऱ्या फेरीतली पसंती लिहायची, तिथे तिसरेच इच्छुक बर्नी सँडर्स यांचं नाव लिहिलं. तुम्ही ते पाहिलंत. "बरं केलंस, मनापासून लिहिलंस ना?" एवढंच बोललात आणि चिवड्याचा डबा आईच्या हातात दिलात. आई आजही तो चिवडा आठवते, उमेदवार एकही नाही.

त्या रात्री निकाल कळवायचं ॲप कोलमडलं, जगभर हसू झालं. नंतर 2024 ला तर आयोवात डेमोक्रॅट पक्षाने उमेदवाराची निवड टपालाने कार्डं मागवूनच केली. ते कोपरे गेले. दमलेल्यांना, आजारी माणसांना सोपं झालं, हे मान्यच. तरी मला चुकल्यासारखं होतं.

डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून इतकी वर्षं राहिला. या रविवारी आणते. करंज्या चालतील ना?

तुमचीच,
यांगच्या कोपऱ्यातली