पिंकी, पळायच्या आधी पोटात काही घाल

चि. पिंकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. तिने कळवलं म्हणून मला समजलं की पोलीस भरतीच्या सरावात 800 मीटरच्या शेवटच्या टप्प्यात तुला घेरी आली आणि तू ग्राउंडवरच बसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, ऊन होतं." सकाळी सहाला कसलं ऊन? फोनवर तू "हो आई, हो आई" करून ठेवून देतेस, म्हणून लिहून पिशवीत घालतेय. आण्णांना अजून सांगितलेलं नाही.

सकाळी काय खाऊन पळतेस? चहा-बिस्कीटच ना? तुझ्या मेसचं जेवण मी बघून आलेय. वरण असं की वाटीचा तळ दिसतो. पोळ्या, भात, बटाट्याची भाजी. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा हिशोब आम्हा अंगणवाडीवाल्यांना पाठ आहे: वजनाच्या दर किलोला रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं. तुझं वजन 50 धरलं तरी 42 ग्रॅम झाले, आणि तेही साधी कामं करणाऱ्या बाईसाठी. तू पळतेस, गोळा फेकतेस, तुला 60 तरी हवेत. मेसच्या ताटात मला तीसच्या वर दिसले नाहीत.

डॉक्टरांकडे गेलीस का? हिमोग्लोबिन बघून घे. 12 च्या खाली असेल तर गोळ्या सुरू कर, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

आता अंड्यांचं. माळ आजीने घातलीय, तू नाही. रोज दोन उकडून खा, बारा ग्रॅम तिथेच झाले. आजीला काय सांगायचं ते मी बघते. मटकी रात्री भिजव, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध आणि खिडकीच्या दांडीला टांगून ठेव. दुसऱ्या दिवशी मोड येतात. वाफवून, कांदा घालून, वर लिंबू पीळ. तिच्याबरोबर भाकरी किंवा पोळी हवीच. धान्यात लायसिन कमी असतं, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात जे कमी पडतं ते धान्यातून मिळतं. आपल्याकडे कालवण-भाकरी एका ताटात येते ते बरोबरच आहे. संध्याकाळी वडापावाऐवजी मूठभर फुटाणे खा.

सोमवार सोड असं मी म्हणणार नाही. महादेवाचं तुझं तू बघ. पण साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खिचडीत जे काही प्रथिन असतं ते दाण्याच्या कुटाचं. राजगिरा, दूध, दही घे. आणि त्या दिवशी पळू नकोस. पिंकी, उपाशीपोटी पळू नकोस गं.

बघ, पुन्हा माता बैठकीत बोलल्यासारखं चाललंय माझं. रागावू नकोस. गावातल्या पोरांची वजनं मी दर महिन्याला करते, तुझं किती झालंय तेच मला माहीत नाही, म्हणून जीव लागत नाही. लहानपणी तू काट्याच्या झोळीत बसून असे पाय झाडायचीस की सुई ठरायचीच नाही. जुलाब झाले तेव्हा वजनाच्या तक्त्यावर तुझा ठिपका पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात गेला होता. मुगाची मऊ खिचडी आणि वर कूट घालून भरवत होते. तू दाणे वेचून खायचीस आणि भात बाजूला सारायचीस. तीच पोरगी पुढे शाळांच्या केंद्र स्पर्धेत अनवाणी पळून पहिली आली. आण्णा कुणाला काही बोलले नाहीत, पण ते प्रमाणपत्र त्यांनी दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. अजून तिथेच आहे. आलेल्या-गेलेल्याला म्हणतात, आमची पोरगी खाकीत दिसेल बघा. दिसशीलच. त्यात मला शंका नाही. भीती वाटते ती तुझ्या घेरीची.

सर प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला सांगतात म्हणालीस. आण्णांकडे पैसे मागायला लाजू नकोस, पण आधी डॉक्टरांना विचार. मला विचारशील तर त्या पैशात महिनाभराची अंडी आणि दूध येतं.

पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आहेत, गूळ घातलेले. पळायच्या अर्धा तास आधी एक खा, पाणी पी, मग निघ. सगळे मैत्रिणींना वाटून टाकू नकोस, त्यांच्यासाठी वेगळा डबा भरलाय. कुळथाचं पीठ आहे, रात्री पातळ पिठलं कर, लसूण जास्त घाल. मेतकूट छोट्या बरणीत आहे. पिठाची पिशवी उघडी ठेवू नकोस, पोरकिडे होतात.

रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो माझ्या मोबाइलवर पाठव, दादाच्या नको. तो लगेच आण्णांना दाखवेल.

तुझी,
आई